हात दोघांचे, घर कोणाचं?

"काऊन वो वहिनी, मिस्त्री नाही भेटला का?"

शनिवारी सकाळी नवरा-बायको मिळून आपल्याच घराची भिंत खरवडताना दिसले, की वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गल्लीत हा प्रश्न ठरलेला. नवऱ्यासाठी त्याचं रूप वेगळं: "पैशाची काही अडचण आहे का भाऊ?" विचारणारे आपुलकीने विचारतात, तरी दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत. आपल्या घराला आपण हात लावला म्हणजे एक तर हातात पैसा नाही, नाही तर सुटत नाही, असं आपण धरून चालतो. निदान वर्ध्यात तरी हा समज टिकायला नको होता.

कारण सेवाग्राम आपल्या दाराशी आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. आज जिला बापू कुटी म्हणतात, ती गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मुळात स्वतःसाठी उभी केली होती. ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याची ही मुलगी. माती, बांबू, लाकूड, कवेलू असं आसपास मिळणारं सामान आणि गावातलीच माणसं, एवढ्यावर तिने घर बांधलं. भिंतीवर मातीतूनच ताडाची झाडं आणि चरखा उठवला. पुढे गांधीजी तिथे राहायला गेले. त्या मातीच्या भिंती जवळपास ९० वर्षं उभ्या आहेत, त्या कोणी तरी वेळोवेळी लिंपल्या, सारवल्या, पावसाळ्याआधी छपराकडे लक्ष दिलं म्हणून. मातीचं घर एकदा बांधून विसरता येत नाही. त्याला हात लागतात, दर वर्षी लागतात.

त्याच आश्रमातली आणखी एक गोष्ट पर्यटकांनी नीट ऐकावी. तिथली पहिली इमारत म्हणजे आदि निवास. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, सगळ्यांचा वावर एकाच ठिकाणी. कस्तुरबांना आडोसा नव्हता. त्यांची ही अडचण जमनालाल बजाजांच्या लक्षात आली आणि मग बा कुटी झाली. इतका बारीक विचार करून उभ्या केलेल्या घरातही बाईच्या आडोशाचा विचार मागाहूनच झाला. आपल्या घरांत तो मागाहून तरी होतो का, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावं.

आता आजच्या घरांकडे येऊ. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. वर्ध्यातल्या कितीतरी घरांत दर आठवड्याला शनिवार-रविवार अशी सलग दोन दिवसांची सुटी आली. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने ती गावच्या घराला दिली. सेलू तालुक्यातलं वडिलोपार्जित घर. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या मयाली, वर कवेलू, पुढे सपरी. तो सरकारी नोकरीत. तिला सुटी फक्त रविवारची, म्हणून शनिवारी तो एकटा आणि रविवारी दोघं.

त्यांच्या घराची एक भिंत मी जवळून पाहिली आहे. कधी तरी घर पक्कं दिसावं म्हणून तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं होतं. वरून ठणठणीत. थापीच्या दांड्याने ठोकलं, की पोकळ आवाज यायचा. प्लास्टरचा पापुद्रा निघाला तेव्हा आतली माती इतकी ओली होती, की बोटाने उकरता यायची. कारण सरळ आहे. मातीची भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिची तोंडं बंद केली, की ओल आतच मुरते, क्षार फुलून येतात, पायथ्याची माती ढिली होते, आणि प्लास्टर मात्र वरून शाबूत दिसत राहतं. गावोगावी जी मातीची घरं एखाद्या पावसाळ्यात अचानक बसतात, त्यांतल्या काहींचा घात या पक्केपणाच्या हौसेनेच केलेला असतो.

दोघांनी ते सगळं प्लास्टर उतरवलं. भिंत वाळू दिली. मग पांढरी माती चाळली, तीत रेती, कापलेला गव्हांडा आणि शेण घातलं, पाणी ओतून ते चार-पाच दिवस भिजत ठेवलं आणि पायांनी तुडवलं. मुरलेल्या चिखलाचा वास बदलतो, तो लोण्यासारखा हाताला लागतो. मग भिंतीवर पाणी शिंपडायचं, चिखलाचा गोळा जोरात मारायचा आणि तळव्याने वर ओढत पसरायचा. वाळल्यावर केसाएवढ्या भेगा पडल्या तर माती जास्त झाली असं समजायचं आणि पुढच्या घाण्यात रेती आणि गव्हांडा वाढवायचा. त्यावर शेणमातीचा पातळ हात फिरवायचा.

हे सगळं त्या दोघांना कोणी शिकवलं? इंटरनेटवर थोडं पाहिलं असेल. पण खरी शिकवण मिळाली ती सपरीत बाजेवर बसलेल्या सासूबाईंकडून. त्यांनी चिखलात बोट घालून सांगितलं, "अजून मुरू दे वो, कच्चा हाय." दिवाळीआधी, लग्नकार्याआधी, पाऊस उघडल्यावर या बाईने जन्मभर हीच भिंत सांभाळली होती. ओळंबा न लावता कोपरा सरळ काढायच्या. गावात त्यांना कोणी कारागीर म्हटलं नाही आणि या कामाचा एक रुपया कधी कुठल्या हिशेबात आला नाही.

माझं भांडण इथे आहे. घराची निगा राखण्याचं कौशल्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातात होतं. ते फुकट मिळत होतं, म्हणून आपण त्याला कौशल्य म्हटलं नाही. कोणत्याही बांधकामावर आजही जाऊन पाहा. रेजा घमेली वाहते, विटा वर चढवते, रेती चाळते. थापी तिच्या हातात क्वचितच दिसते, मजुरीही मिस्त्रीपेक्षा कमी. घरातही तेच. घर दुरुस्तीला काढलं, की कुठली भिंत पाडायची ते पुरुष ठरवतात, आणि धूळ झाडून, त्या पसाऱ्यातच चूल पेटवून सगळ्यांना वेळेवर जेवायला घालायचं ते बाईने. मोरी कुठे हवी, ओटा किती उंच, कपाट कुठे, हे जिला रोज भोगायचं तिला शेवटी विचारलं जातं. मग ओटा उंच होतो आणि ती पुढची वीस वर्षं टाचा उंचावून पोळ्या लाटते.

सुटीच्या दिवशी दोघं मिळून घर दुरुस्त करतात, याचं मोल म्हणूनच मला वाचलेल्या मजुरीपेक्षा मोठं वाटतं. तिच्या हातात थापी येते आणि त्याच्या हातात सारवणाचं पोतेरं. भिंत कुठे ओली होते, दार पावसाळ्यात का अडतं, धूर कुठून कोंडतो हे दोघांनाही कळतं. निर्णय दोघांचे होतात, कारण चूक झाली तर पुढच्या सुटीला ती दोघांनाच निस्तरायची असते.

मिस्त्रीला घरी बसवा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. काही कामं त्याचीच आहेत. मयालीखालची भिंत स्वतःच्या अंदाजाने फोडू नका. विजेच्या तारांना परवानाधारक माणसाशिवाय कोणी हात लावू नये. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापू, घासू, फोडू नका, त्यांची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. चुना विझवताना डोळे सांभाळा. आणि आपला हा काळ्या मातीचा मुलूख आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या घराला हलवते. म्हणून मे महिन्यात दिसलेली भेग लगेच बुजवू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. भेग तेवढीच राहिली तर भरा. वाढली तर दोष पायात आहे, जाणकाराला बोलवा.

कवेलू फेरणारा जुना माणूस गावात उरला असेल, तर त्याला एक दिवसाची पूर्ण मजुरी द्या आणि त्याच्यासोबत छपरावर चढा. अशी माणसं कमी होत चालली आहेत. वानरांचा कळप एकदा घरावरून उड्या मारत गेला, की निम्मे कवेलू सरकतात, फुटतात. दर वर्षी मृगाआधी फेरायला माणूस मिळत नाही, कुंभाराकडे नवा कवेलू मिळत नाही, म्हणून लोक टिन टाकतात. मग उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला, की त्या टिनाखाली दुपारी बसवत नाही. आधी कूलर येतो, मग विजेचं बिल. लोकांना मी दोष देत नाही. वानर मलाही आवरता येत नाहीत. पण फुटलेल्या कवेलूंवर टिन हा एकच उपाय आहे, असं मानून आपण विचार करायचं सोडलं.

विचार करणारी माणसं याच जिल्ह्यात होती. १९३४ साली गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचं काम सुरू केलं, १९३८ मध्ये मगन संग्रहालय झालं. १९७६ मध्ये देवेंद्र कुमारांनी वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था काढली. कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकीत एक बसवून कमानीचं छप्पर करायची पद्धत या संस्थेने पुढे आणली. लाकूड कमी लागतं, कुंभाराला काम मिळतं, घर थंड राहतं. केरळात कितीतरी घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर गांधीजींचा एक विचार नेहमी सांगत: घराचं सामान पाच मैलांच्या परिघात मिळणारं असावं. तो विचार केरळात गेला, गाजला. आपल्याकडे मात्र मातीची भिंत सरकारी कागदावर "कच्ची" ठरली. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात ते नव्या पक्क्या घरासाठी. ज्याच्या डोक्यावर छप्परच धड नाही, त्याला ते मिळायलाच हवेत. पण जी जुनी घरं थोड्या दुरुस्तीने आणखी पन्नास वर्षं चालतील, त्यांच्या डागडुजीलाही कोणी तरी मोजलं पाहिजे. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं, तर जुन्या जाणत्या बायांना मानधन देऊन उन्हाळ्यात चार दिवसांचं लिंपणाचं शिबिर घेणं काही अवघड नाही.

आणि आता तो कागद, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ. गावात घर कोणाचं, हे विचारलं की हाच उतारा पुढे येतो. मी सांगितलेल्या त्या घराच्या उताऱ्यावर आधी सासऱ्यांचं नाव होतं, त्यांच्यानंतर मुलाचं लागलं. जन्मभर भिंती लिंपणाऱ्या सासूबाईंचं नाव त्यावर कधीच आलं नाही. सुनेचंही नव्हतं.

हे असंच चालायचं, असं म्हणायला आता जागा नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं, असं महाराष्ट्राच्या ग्रामविकास विभागाने २००३ सालीच सांगितलं आहे. घरकुल योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याचा नियम आहे. म्हणजे सरकारने दिलेल्या घरावर बाईचं नाव येतं आणि तिने स्वतःच्या हाताने राखलेल्या घरावर येत नाही. ते यायला नियमाची आडकाठी नाही. घरातल्या पुरुषाने अर्ज करायचा राहिला आहे.

त्या जोडप्याने तो केला. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो ग्रामपंचायतीत गेला आणि उताऱ्यावर आईचं आणि बायकोचं नाव लावण्याचा अर्ज देऊन आला. सचिवांनी विचारलं, "काही भांडण झालं का घरात?" तो म्हणाला, "भांडण व्हायच्या आधीच करून घेतो."

तुम्ही सुटीत घर दुरुस्तीला काढणार असाल, तर रंग, पुट्टी, टाइल्स यांची यादी कराल. त्या यादीत सगळ्यात वर एक ओळ लिहा: नमुना आठ. शहरात असाल तर नगर परिषदेची मालमत्ता नोंद. भिंत दोघांनी लिंपली, चिखल दोघांनी तुडवला, तर उताऱ्यावर एकच नाव ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला कुठल्याही मिस्त्रीची वाट पाहावी लागत नाही. काम सुरू करण्याआधी अर्ज द्या.