एकोणतीस हजारी गुणमीलन

आपले जोशीबुवा 36 पैकी 18 गुणांवर लग्न लावून मोकळे होतात. ब्रिटिश सरकार इतकं ढिलं नाही. परदेशी नवरीला नांदायला न्यायचं आणि खात्यात घसघशीत शिल्लक नसेल, तर तिथल्या नवऱ्याची मिळकत वर्षाला 18,600 पौंड लागे; एप्रिल 2024 पासून 29,000. नवरीचा पुण्यातला पगार धरत नाहीत, हे फार सुसंस्कृत. सुनेच्या पैशावर डोळा ठेवणारे आपण! 28,999 वाल्यांनी व्हिडिओ कॉलवर संसार थाटावा. बारसंही तिथेच उरकता येईल. सहा महिन्यांच्या पगारपावत्या असताना मंगलाष्टकं हवीत कशाला? फाइल तपासणाऱ्या कारकुनाला मात्र त्याचा पगार विचारू नये. त्याचीही बायको अजून मनिलातच आहे म्हणे.