नेरुळमार्गे ग्वांगझू

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि मग सगळं शिस्तीत आखलं गेलं. सेक्टर, शाळा, बागा, बाजार, स्टेशनांच्या डोक्यावर कचेऱ्या. चायनीजची गाडी तेवढी कुठल्याच नकाशात नव्हती. तरी आज नवी मुंबईत कुठल्याही नाक्यावर दिवेलागणीला लाल बल्ब पेटतो आणि त्याच्या उजेडात ड्रॅगन दिसू लागतो. (ड्रॅगनच्या शेजारी बहुधा साईबाबा असतात, आणि दोघांचं छान जमतं.) पत्ता सांगताना लोक चायनीजवाला आधी सांगतात, सेक्टर मागाहून.

आमच्या मेहुण्यांनी चिनी टेबल मॅनर्सची रंगीत तालीम अशाच एका गाडीवर ठेवली. त्यांचा तुर्भे एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. ग्वांगझूला १९५७ पासून दरवर्षी वसंतात आणि शरदात कॅन्टन फेअर भरतं. गेल्या शरदात मेहुणे एकटेच जाऊन आले, आता वहिनींना घेऊन निघाले होते. तिकडच्या व्यापाऱ्याने जोडीने जेवायला बोलावलं होतं.

"दाजी, तिकडे धंद्याचं खरं बोलणं जेवणाच्या टेबलावर होतं," ते फोनवर म्हणाले. "हिची प्रॅक्टिस करून घ्यायचीय. तुम्ही चिनी पार्टी व्हा."

"मग वाशीला एखाद्या बऱ्या हॉटेलात?"

"तालमीला कुणी बालगंधर्व बुक करतं का?"

तेव्हा मी, बायको आणि चिरंजीव असं चिनी शिष्टमंडळ ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर येऊन उभं राहिलं. ट्रान्सहार्बरच्या वाशी लोकल आणि पनवेल लोकल तुर्भ्यापर्यंत सख्ख्या बहिणींसारख्या नांदतात. पुढे एक सानपाड्याचा रस्ता धरते, दुसरी जुईनगरचा. आमच्या समोर बसलेले गृहस्थ डाव्या हाताचा पारसिकचा डोंगर बघत निवांत बसले होते. जुईनगरची पाटी दिसताच ते ताडकन उठले आणि सगळ्या डब्याकडे असं बघितलं, की जणू गाडी आम्हीच वळवली. त्यांच्या रिकाम्या जागेवर एक जण टेकला, लगेच दुसरा "जरा सरका" म्हणाला आणि तीन माणसांच्या बाकावर चौथा बसला. वयोवृद्धांनी आधी बसायचं, मग इतरांनी, हा चिनी पंगतीचा पहिला नियम. आमच्याकडे जो आधी टेकेल तो वयोवृद्ध.

नेरुळला मेहुणे, वहिनी आणि सासूबाई हजर होते. सासूबाई मूळच्या मालवणच्या. त्यांनी घरून स्वतःचा चमचा आणला होता. मेहुण्यांच्या पिशवीत चॉपस्टिकांचा जुडगा होता, शिवाय लोणच्याच्या बरण्या ठेवायचा घरातला फिरता स्टँड. चिनी मेजवानीत गोल टेबलाच्या मध्यावर काचेची फिरती चकती असते. पदार्थ त्यावर मांडतात आणि पहिला घास मुख्य पाहुण्याचा झाल्यावर ती हळूहळू फिरवतात. मेहुण्यांनी स्टँड प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवून फिरवून बघितला. तो करकरला.

पहिलं संकट जागेचं. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, असा तिकडचा दंडक. गाडीला दार नसतं. मेहुण्यांनी जरा विचार करून स्टेशनला दार मानलं. त्या हिशेबाने मानाचं स्टूल नेमकं गटाराच्या झाकणावर आलं आणि शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून त्यावर मला बसवण्यात आलं. स्टूल माझ्याबरोबर डुलत होतं.

"चहा," मेहुणे म्हणाले. चहा नव्हता. मग वन बाय टू मंचाव सूपला चहा मानायचं ठरलं. "कुणी आपल्या कपात चहा ओतला तर थँक्यू म्हणायचं नाही. दोन बोटं टेबलावर टकटक करायची." याच्यामागे छ्यानलाँग बादशहाची आख्यायिका आहे. बादशहा वेश पालटून फिरताना त्याने आपल्याच नोकराच्या पेल्यात चहा ओतला. लोटांगण घालावं तर बादशहा उघडा पडायचा, म्हणून नोकराने बोटांनीच टेबलावर दंडवत घातला. चिरंजीवांना गोष्ट फार आवडली. त्यांनी टकटक केली. गाडीवरचा पोरगा धावत आला आणि शेझवान चटणीची वाटी ठेवून गेला. त्याचे आभार म्हणून चिरंजीवांनी पुन्हा टकटक केली. दुसरी वाटी आली. हा सभ्यपणा थांबवला तोवर फिरत्या स्टँडवर पदार्थांपेक्षा चटणी जास्त झाली होती.

चटणीत बोट बुडवून सासूबाईंनी चव घेतली. "लसूण आणि सुकी मिरची. बाकी काय नाय." त्यांचं बरोबरच होतं. सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे तिकडची मिरी. ती जिभेला झिणझिण्या आणते, आणि ती आपल्या गाड्यांवरच्या शेझवानमध्ये औषधालाही नसते. मेहुण्यांनी मागच्या खेपेला आणलेली त्या मिरीची पुडी खिशातून काढली आणि जादूगाराच्या थाटात उघडली. सासूबाईंनी एक टरफल उचललं, वास घेतला, दाताखाली धरलं.

"तिरफळ," त्या म्हणाल्या.

"आई, सिचुआन पेपर आहे तो. चायनाचा."

"ता माका शिकवू नको. बांगड्याच्या आमटीत घालतंय मी."

वनस्पतिशास्त्र सासूबाईंच्या बाजूने आहे. दोन्ही झाडं एकाच वंशातली, चुलत भावंडं. दोन्हींचं बी टाकून टरफल वापरतात. ज्या चवीसाठी मेहुणे विमानाने गेले, ती त्यांच्या आईच्या डब्यात लहानपणापासून होती. मेहुण्यांनी पुडी मुकाट्याने खिशात घातली.

तेवढ्यात ट्रिपल शेझवान राइस आणि चिकन मांचुरियन आलं. मांचुरियाशी या पदार्थाचा काही संबंध नाही. कोलकात्याहून मुंबईत आलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो प्रथम केला, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपली फोडणी, वर सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. ग्वांगझूच्या मेजवानीत तो मिळण्याची शक्यता नाही, पण तालमीला चालतो.

वहिनींनी चॉपस्टिका हातात घेतल्या, एक घास अर्ध्या वाटेपर्यंत नेला, हरवला, आणि कंटाळून दोन्ही काड्या भातात उभ्या खोचल्या. मेहुणे किंचाळलेच. भातात उभ्या काड्या म्हणजे मेलेल्या माणसापुढे लावलेल्या उदबत्त्या, तिकडे याहून मोठा अपशकुन नाही.

"आमच्या लग्नात पंगतीत प्रत्येक पानापुढे उदबत्ती होती," सासूबाई म्हणाल्या. "रांगोळीपण. कोण मेला नाय."

काडीने वाटी वाजवायची नाही, कारण तसं भिकारी करतात, हा पुढचा नियम. पण आमच्या बाजूलाच गाडीवरचा नेपाळी आचारी हातभर ज्वाळेवर कढई उडवत, लांब दांड्याचा डाव त्या कढईवर ठणाठणा आपटत होता. बहुतेक गिऱ्हाइकं त्या आवाजानेच येतात. मेहुण्यांनी त्याच्याकडे दुखावल्या नजरेने पाहिलं. त्याने जास्तच जोरात ठणठण केलं. त्याला वाटलं, साहेब खूश आहेत.

मासा नव्हता, म्हणून चिकन लॉलीपॉपला मासा मानलं. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर ताटातला मासा उलटवत नाहीत. मासा उलटला की कोळ्याची होडी उलटते. वरची बाजू खाऊन झाली की मधला काटा उचलायचा आणि मग खालची बाजू खायची.

"उलटायचा नाय तर तळायचा कसा?" सासूबाईंनी विचारलं. मेहुण्यांकडे याचं उत्तर नव्हतं. वहिनी मात्र खुलल्या. पापलेट त्या कायम तसंच खातात. सगळ्या तालमीत त्यांना पूर्ण मार्क मिळालेला हा एकच विषय.

मी जरा वाचून गेलो होतो. लीजी नावाचा चिनी आचारग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यात एकत्र जेवताना कसं वागावं याची यादी आहे. भाताचे गोळे करू नका. मचमच आवाज करू नका. तोंड लावलेला मासा परत ठेवू नका. हाडं कुत्र्याला टाकू नका. सर्वांबरोबर जेवताना हात चोळू नका, कारण तेव्हा जेवण हातानेच चाले. आणि वरीसारख्या धान्याचा भात चॉपस्टिकने खाऊ नका. हे मी मोठ्याने सांगितलं. सासूबाईंनी तत्काळ चमचा पिशवीत टाकला आणि हाताने जेवायला सुरुवात केली. "बघ, पोथीत आसा," त्या मुलाला म्हणाल्या. ट्रिपल राइस हा वरीचा भात नव्हे, हा मेहुण्यांचा मुद्दा कुणी ऐकला नाही.

हाडांचा नियम मात्र मोडला. नेरुळच्या सेक्टरातली सगळी कुत्री आमच्या टेबलापासून ठरावीक अंतरावर, आवाज न करता, वयाप्रमाणे ओळीने बसली होती. त्या संध्याकाळी चिनी शिस्त खरी त्यांनीच पाळली.

गाडीचीही एक आचारसंहिता आहे, आणि मेहुण्यांनी ती एका तासात सगळी मोडली. तळलेल्या नूडल्स फुकट असतात, पण एकदाच मागायच्या. पाठीमागे कुणी तुमच्या प्लेटकडे टक लावून उभा असेल तर ती रांग असते. त्याच्याकडे पाहून हसायचं नाही आणि शेवटच्या घासानंतर गप्पा मारायच्या नाहीत. आमच्या मागे चार जण टक लावून उभे होते आणि मेहुणे कुणाचा पेला कुणाच्या पेल्यापेक्षा खाली धरून भिडवायचा ते थम्सअपवर शिकवत होते.

शेवटचा धडा बिलाचा. तिथे बिल मुकाट्याने वाटून घेणं शोभत नाही. दोघांनी झटापट करायची, हात धरायचे, ढकलाढकली करायची. याची तालीम लागली नाही, हे आम्हा दोघांना पिढीजात येतं. मी मेहुण्यांचं मनगट धरलं, त्यांनी माझी कॉलर. त्यातून एक हात सुटला तसा मी कोडवर फोन धरला. त्यांनीही धरला. गाडीवरच्या डबीने खणखणीत आवाजात हिंदीतून रक्कम मिळाल्याचं सांगितलं, आणि लगेच तीच रक्कम पुन्हा मिळाल्याचंही.

गाडीचा मालक नेरुळ गावातलाच. त्याने दोघांकडे पाहिलं. पैसे परत मागणं तिकडच्या रिवाजात बसतं का, हे मेहुणे आठवू लागले. मी तर चिनी पाहुणा, मला बोलता येत नव्हतं.

"राहू द्या," मालकच म्हणाला, "तेवढ्याची चायनीज भेळ बांधतो."

कोबीचा ढीग कढईत पडला. आमच्या मागच्या चौघांनी उसासा टाकला.