सोयाबीन निघाल्यावर

आमच्या कबड्डी मंडळाचं खजिनदारपद माझ्याकडे आलं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. श्रेय मागच्या खजिनदाराचं. वार्षिक सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, की पतसंस्थेत जन्मभर लोकांची खाती सांभाळलेला माणूस निवृत्त होऊन गावात बसला असताना आपण हे पद अडवून ठेवणं बरं दिसत नाही. टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत पावती पुस्तक, शिक्का आणि एक प्लास्टिकची पिशवी माझ्या मांडीवर आली आणि तो चप्पल घालून निघूनही गेला. पिशवीत मंडळाचा हिशेब होता. गाडीभाड्याची बिलं, क्रेप बँडेजची बिलं आणि एका पाठकोऱ्या कागदावर नुसतंच ‘पोट्टे जेवले’. आकडा नाही, तारीख नाही. रोख शिल्लक ३,१४० रुपये. त्यातली पाचशेची एक नोट जुनी, बाद झालेली.

तिवस्याच्या आसपास कबड्डीचा हंगाम कापसाचे पैसे हातात खेळू लागले की सुरू होतो आणि शिवजयंतीपर्यंत चालतो. पावसाळ्यात मैदानावर चिखल आणि गडी वावरात. पण संघ जुळतो तो याच रिकाम्या दिवसांत. गुढीपाडव्याला सालदाराचं साल ठरतं, उचल दिली जाते, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच, की सालदार उचल घेऊन वर्षभर राबतो आणि आमचा रेडर उचल घेऊन नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला लागतो. मग ऐन स्पर्धेच्या दिवशी त्याची नाइट शिफ्ट असते.

अध्यक्षांना पैशाची चिंता नव्हती. त्यांच्याकडे इतिहास होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथे कबड्डी दाखवून आलं, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. सगळे माना डोलावत. खजिनदार झाल्यापासून माझ्या मनात मात्र एकच प्रश्न घोळू लागला: बोटीचं भाडं कोणी दिलं?

२०२४च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला, तो आमच्या पोरांनी पारावर बसून मोबाईलवर पाहिला. प्रत्येक संघाची थैली पाच कोटींची. तमिळ थलायवाजनी सचिन तंवरला २ कोटी १५ लाखांना घेतलं. मी त्यांना समजावलं, की बाबांनो, २०१४ला ही लीग सुरू झाली तेव्हा सगळ्यात महाग गेलेला राकेश कुमारसुद्धा १२ लाख ८० हजारांचा होता, धीर धरा. त्याचा उलटा परिणाम झाला. आमच्या डाव्या कोपऱ्यानं हिशेब केला, की दहा वर्षांत भाव सतरा पट होतो, तर आपला तीनपट तरी व्हावा. नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात अमरावतीचा जितेश शर्मा ११ कोटींना गेला आणि मग तर बोलायलाच नको. हाच जितेश २०२२ला पंजाबकडे २० लाखांत होता, हे गावातल्या प्रत्येक बापाला पाठ झालं.

त्याआधीच, प्रो कबड्डीच्या लिलावाच्या दिवसांत, पुण्याच्या भाच्यानं मला ‘मनीबॉल’ नावाचा सिनेमा पाठवला. ओकलंडचा बेसबॉल संघ, २००२ साल. खेळाडूंच्या पगारासाठी त्यांच्याकडे चार कोटी डॉलर आणि तिकडे न्यू यॉर्कच्या यांकीजकडे साडेबारा कोटी. ओकलंडचा व्यवस्थापक महागडे खेळाडू सोडतो, आकडेमोड करून कोणाला नको असलेले स्वस्त गडी उचलतो आणि लागोपाठ वीस सामने जिंकतो. मी अंथरुणात उठून बसलो. जन्मभर आकडे मांडलेल्या कारकुनाला जगानं पहिल्यांदाच सन्मानानं बोलावलं होतं. तोच संघ पुढे बाद फेरीत पहिल्याच फटक्याला हरला, हे सिनेमाच्या शेवटी येतं. तोवर मला डुलकी लागली होती.

दुसऱ्या दिवशी जुनी गुणपत्रकं मागवून मी तक्ता मांडला. एका गुणामागे मंडळाला किती खर्च येतो? आमचा हुकमी रेडर सामन्याला दहा-बारा गुण आणायचा. पण त्याला गाडीत पुढची सीट लागे, पेट्रोल वेगळं लागे आणि वांग्याच्या भाजीसोबत रोडगे खायला बसला की मोजणारा थकून जाई. माझ्या तक्त्यात तो तोट्यात निघाला. त्याउलट शेंदोळ्याकडची दोन किडकिडीत पोरं फक्त बोनस काढत. कोणाला शिवायचं नाही, झटापट नाही, बोनस रेषेवर पाय घालायचा आणि परत यायचं. दुखापत नाही म्हणजे बँडेज नाही. शिवाय एक वेळचा डबा घरून आणत. मी हुकमी रेडरला सोडलं, बोनसवाली दोन्ही पोरं घेतली आणि उरलेल्या बळावर तीन दणकट पकडवाले घ्यायचं ठरवलं.

“काकाजी, मले काहून काढलं?” रेडर घरी आला.

“काढलं नाही रे, मोकळं केलं. ओकलंडमध्ये असंच करतात.”

“ते कुठी हाय? वरुडकडे?”

पकडवाल्यांपैकी एक हिरा नदीपलीकडे, आर्वीकडचा. त्याला भेटायला मी कौंडण्यपूर निवडलं. रुक्मिणीचं माहेर. दुसऱ्याच्या ताब्यातलं माणूस पळवून न्यायची तिथली परंपरा जुनी आहे, मी नवीन काही करत नव्हतो. वर्धेच्या घाटावर बसून मी गिला वडा सोडला आणि बोलणी सुरू केली. त्यानं पंधरा हजार मागितले. माझ्या खिशात तीन.

इथे मला मेट्स आठवले. भाच्याला त्या सिनेमाबद्दल दोन प्रश्न काय विचारले, त्यानं मला बेसबॉलच्या बातम्यांचा रतीबच लावला होता. न्यू यॉर्क मेट्स या संघाला २००० साली बॉबी बोनिया नावाचा खेळाडू नको होता, पण त्याचे ५९ लाख डॉलर देणं होतं. संघ म्हणाला, आत्ता नको, आठ टक्के व्याज लावून २०११ पासून पंचवीस वर्षं देऊ. आता दर १ जुलैला त्याला सुमारे १२ लाख डॉलर मिळतात, २०३५ पर्यंत मिळणार आहेत, आणि मिळतात घरी बसून. मेट्सच्या मालकांना वाटलं होतं, तेवढ्यात आपला पैसा दुसरीकडे त्याहून जास्त वाढेल. तो त्यांनी मॅडॉफकडे ठेवला होता. मॅडॉफ म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात मोठा साखळीवाला, २००८ला पकडला गेला. हा शेवटचा भाग मी वाचला होता. त्यातून बोध घ्यायचा राहिला. उलट डॉजर्स या दुसऱ्या संघानं २०२३ला ओतानी नावाच्या खेळाडूशी ७० कोटी डॉलरचा करार केला आणि त्यातले ६८ कोटी २०३४ पासून द्यायचे ठरवले, हे वाचून माझी छाती फुगली होती. हे तर आपलंच! आमच्याकडे बियाणं, खत, किराणा, पोरीचं लग्न, सगळं याच तत्त्वावर चालतं.

“तीन आत्ता घे,” मी म्हणालो, “बारा सोयाबीन निघाल्यावर. वर आठ टक्के व्याज.”

तो वडा खायचा थांबला. “आठ? खरंच आठ?”

“आठ. तोंडी नाही, लिहून देतो.”

पावती पुस्तकाच्या मागच्या पानावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: रु. १२,०००, आठ टक्के, सोयाबीन निघाल्यावर. सही, शिक्का. त्यानं कागद चौघडी करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला आणि माझ्या पाया पडला. मी भारावून गेलो. इतक्या सोप्यात काम झालं म्हणून उरलेल्या दोघांनाही तसेच कागद दिले.

जमेची बाजूही सोयाबीनवरच होती. वर्गणी मागितली की प्रत्येक जण म्हणे, लिहा पाचशे, सोयाबीन निघाल्यावर नेजा. टी-शर्टचा खर्च विधानसभेच्या एका इच्छुकानं उचलला. अट एकच, पाठीवर नंबराऐवजी त्यांचा हात जोडलेला फोटो. पुढे त्यांना तिकीट मिळालं नाही आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं. टी-शर्ट छापून तयार होते, बिल माझ्या नावावर.

सोयाबीन निघालं. सरकारी हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. सरकारी केंद्रावर न्यावं तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून परत. मी पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलो, तर प्रत्येकानं मला पोत्यात हात घालून दाणे दाखवले. “पाहा, तुमीच पाहा काकाजी. हे विकून तुमाले पाचशे देऊ का पोराले फी?” मी काय बोलणार? माझीही पोती घरातच थप्पी लावून पडली होती, भाव वाढायची वाट पाहत.

सव्वीस जानेवारीला शेजारच्या गावात स्पर्धा. मैदानावर दिव्यांचा झगमगाट, कडेला ट्रॉल्यांवर बसलेलं गाव. आणि माइकवर समालोचनाला कोण, तर आम्ही मोकळा केलेला रेडर. त्याला कुठल्याच संघानं घेतलं नव्हतं म्हणून आयोजकांनी त्याचा गळा कामाला लावला होता.

सुरुवात झकास झाली. आमच्या बोनसवाल्यानं पाय घातला, पंचांनी अंगठा दाखवला, एक गुण. मग आर्वीच्या हिऱ्यानं समोरच्याला घोट्यात असा धरला, की धुळीशिवाय काही दिसलं नाही. समोर सहा. आणखी दोन पकडी, समोर चार. मी तक्ता उघडून बसलो होतो. सगळं मांडल्याप्रमाणे चाललं होतं.

कबड्डीत बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात गडी असतानाच. हा नियम लहान पोरालाही ठाऊक. मलाही होता. फक्त तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता. आमचे पकडवाले जितकी चांगली पकड करणार तितके समोरचे गडी कमी होणार आणि गडी कमी झाले की बोनसवाले बेकार. मी एका खिशातून पैसे देऊन घेतलेले लोक दुसऱ्या खिशातल्यांचा धंदा बंद करत होते.

बोनसवाला गेला, सवयीनं पाय घातला, पंचांकडे पाहिलं. पंच आकाशाकडे पाहत होते.

“पाय घातला, बाप्पा, पाय घातला!” माइक कडाडला. “पन दुकान बंद हाय! समोर चार गडी, बोनस नाई! खजिनदार काकाजी, पोट्ट्याले सांगा ना बे कोनी, आता हातबी लावा लागते!”

पोराला हात लावणं येत नव्हतं. ते कलम करारात नव्हतं. दोन रिकाम्या चढाया आणि तिसऱ्या रिकाम्या चढाईला नियमानं बाद. तो बाद झाला की त्यांचा एक गडी आत. दुसऱ्या पोराचंही तेच, त्यांचा आणखी एक आत. समोर पुन्हा सहा, बोनस पुन्हा सुरू, आणि आमची बोनसवाली दोन्ही पोरं बाहेर बाकावर. आम्ही ४१–१७ हरलो. ट्रॉल्यांवरचे लोक हसून हसून उभे राहिले होते. जाताना माइकवरून घोषणा झाली, “पाठीवरचे साहेबबी पडले, बाप्पा.” त्या साहेबांनी निवडणूक लढवलीच नव्हती, पण दुरुस्ती करायला मी गेलो नाही.

दोन पकडवाल्यांचे पैसे मी पेन्शनमधून भागवले. आर्वीचा हिरा मात्र मागायला आलाच नाही. सोयाबीन गेलं, तूर गेली, उन्हाळा गेला. एवढा दिलदार माणूस मी पाहिला नाही, असं मी घरी दोनदा बोलून गेलो.

तान्ह्या पोळ्याला तो आला. सोबत पाच वर्षांचा पोरगा आणि चाकं लावलेला लाकडी बैल. आमच्या हिनं बैलाला ओवाळलं, पोराच्या हातावर वीसची नोट बोजारा म्हणून ठेवली. मग हिऱ्यानं मोबाईलच्या कव्हरमधून कागद काढला.

“बारा मुद्दल. आन व्याज साडेअकरा.”

“साडेअकरा हजार?” मी म्हणालो. “आठ टक्क्यांनी ९६० होतात.”

“तेच तं. महिन्याले ९६०. बारा महिने झाले.”

मी त्याला मेट्स सांगितले, बोनिया सांगितला, वर्षाचं व्याज म्हणजे काय ते सांगितलं. तो आदरानं ऐकत होता. “काकाजी, आमच्याकडे टक्का महिन्याचाच रायते. म्हनून तं मी पाया पडलो. आमचा सावकार पाचनं देते.”

हिनं कागद घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला. “यात महिन्याचं कुठी लिहिलं हाय?”

“वर्षाचं तरी कुठी लिहिलं हाय, मायबाई?”

पतसंस्थेत एकतीस वर्षं मी लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर ‘दर साल दर शेकडा’ असं लाल शाईनं अधोरेखित करत आलो होतो. हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

तोड हिनंच काढली. मुद्दल पूर्ण, व्याज वर्षाचं आणि वर आमच्या थप्पीतलं सोयाबीनचं एक पोतं. त्यानं पोत्यात हात घातला, एक दाणा दाताखाली धरून कटकन फोडला. “वाळलं हाय चांगलं. भाव काय लावता, हमीचा का बाजारचा?” त्यावर अर्धा तास गेला. मधल्या काळात पोरानं सगळ्या घरातून बैल फिरवला आणि माझ्या चष्म्यावरून नेला.

शेवटी पोतं गाडीवर बांधून झालं. बैल पोत्यावर, पोरगा टाकीवर. किक मारता मारता तो थांबला.

“काकाजी, ते फोटोवाले टी-शर्ट उरले असन तं एक द्या ना. बुजगावन्याले पायजे. डुकरं लय येऊन राहिले वावरात.”

मी दोन दिले आणि पावती फाडली.