घोडबंदरवर जुनी मोठी गाडी घ्यावी कशी

सर्वप्रथम स्टेशन वॅगन मनातून काढून टाका. टाटांनी 1992 मध्ये इस्टेट आणली, 2004 मध्ये इंडिगो मरिना. दोन्ही वेळा आपण त्या ऐसपैस डिकीचं तोंडभर कौतुक केलं आणि गाडी शेजाऱ्याने घ्यावी अशी इच्छा व्यक्त केली. आता मरिना सापडलीच तर तिची 15 वर्षं उलटलेली किंवा उलटत आलेली असणार. म्हणजे पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. एवढं प्रेम असेल तर जरूर घ्या. पण गावाहून तांदळाचं पोतं, दोन फणस आणि आत्या एकाच खेपेत आणायची असेल, तर मुकाट्याने अर्टिगा नाहीतर इनोव्हा बघा.

डीलर म्हणेल, "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे. फक्त क्लिनिकला जायची." घोडबंदरवरच्या दर जुन्या गाडीचा पहिला मालक डॉक्टर असतो. रविवारी ताप आला की यांतला एकही सापडत नाही, ते सोडा.

गाडी न्याहाळण्याआधी बोनेटला हात लावा. सकाळी दहाला गेलात आणि बोनेट कोमट लागलं, तर तुम्ही यायच्या आधीच कोणीतरी इंजिन चालू करून ठेवलेलं आहे. थंड इंजिन काय काय आवाज करतं, ते तुम्हाला ऐकू द्यायचं नाहीये. मीटर 42 हजार दाखवेल. मीटरशी वाद घालू नका, क्लचच्या पॅडलवरचं रबर बघा. त्यावरच्या रेघा झिजून ते गुळगुळीत झालं असेल, तर मीटर मागे गेलाय. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चार टायर चार वर्षांचे निघाले तर मालक काटकसरी होता. काचांवरची वर्षंही जुळेनात, तर गाडीला वाटेत कोणीतरी भेटलेलं आहे.

गाडी कल्याणची असो वा ठाण्याची, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वालधुनी किंवा उल्हास नदी आत शिरून गेली असेल, तर एरवी गुंडाळलेल्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसते. सीट कव्हरं नवी घालतात, तो पट्टा सहसा कोणी धूत नाही.

आता चक्कर. "सर्व्हिस रोडवर एक राउंड मारू," अशी सूचना येईल. नम्रपणे नकार द्या. संध्याकाळी सातला परत या आणि गाडी मुख्य रस्त्यावर काढा. घोडबंदरच्या कोंडीला आपण उगाच शिव्या घालतो. जुनी गाडी पारखायला याहून चांगली सोय नाही, शिवाय फुकट. मेट्रोच्या खांबांशेजारी एसी लावून अर्धा तास रांगत राहा. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर रेडिएटर, पंखा किंवा त्याहून महाग काहीतरी. तसेच पुढे गायमुखच्या घाटात जा. गुजरातकडे निघालेल्या एखाद्या कंटेनरमागे चढावर थांबा आणि मग गाडी उचला. इंजिन ओरडतंय पण गाडी जागची हलत नाही? क्लच प्लेट संपली. जळका वास आला की डीलर सांगेल, "पुढच्या ट्रकचा आहे." खड्ड्यांची व्यवस्था रस्त्याने केलेलीच असते. सस्पेन्शनचा खडखडाट ऐकायचा तर रेडिओ बंद हवा. डीलर तो लावेल. तुम्ही पुन्हा बंद करा.

कागदपत्रांत दिरंगाई नको. फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाची सही, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. थकलेली ई-चलनं तिथेच उभं राहून फोनवर तपासा, नाहीतर डॉक्टरांनी मोडलेले सिग्नल तुम्ही फेडाल. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मागून पाहा. असेल तर कागद येईल, नसेल तर चहा येईल.

शेवटी तो सांगेल, उद्या सकाळी डोंबिवलीहून एक पार्टी टोकन घेऊन येतेय. ही पार्टी सगळ्याच गाड्या बघायला येते. तिला शुभेच्छा द्या आणि भाव आणखी पंधरा हजारांनी खाली बोला.