गेटपास

एकलहऱ्याच्या कॉलनीतून रोज सकाळी साडेसहाला एक आबा डबा घेऊन निघतात. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, वरच्या खिशात पेन. थर्मल वीज केंद्राच्या गेटवर हजर. आबा रिटायर होऊन वीस वर्षं झाली, हे सिक्युरिटीवाल्याला माहीत आहे, सुनेला माहीत आहे, कॉलनीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. आबांना नाही. बॉयलरच्या वाफेचं तापमान विचारा, ‘५४० डिग्री’ असं ताडकन उत्तर येतं. सकाळी काय खाल्लं ते विचारा, आबा सुनेकडे बघतात. सुनेने त्यांच्या कॉलरच्या आतल्या बाजूला मार्करने मोबाईल नंबर लिहिलाय. धुण्यात पुसट होतो, मग पुन्हा गिरवते.

आबांवरचं औषध सध्या माझा भाचा शोधतोय. एम. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि अल्झायमरवर ‘नवीन संयुग’ हा त्याचा प्रकल्प. प्रयोगशाळा म्हणजे मांडीवरचा लॅपटॉप. मेंदूत एक पेशी दुसरीला काही निरोप धाडते ते ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. ही चिठ्ठी फाडून टाकणारं एक एन्झाइम असतं. त्याचा हात धरून ठेवणारा रेणू सापडला, की उरलेसुरले निरोप जरा जास्त वेळ टिकतात. त्या एन्झाइमचा नकाशा पहिल्यांदा हाती आला १९९१ मध्ये, आणि तो होता टॉर्पेडो नावाच्या माशाचा. विजेचा झटका देणारा मासा! माणसाच्या एन्झाइमचा नकाशा पुढे मिळाला, तरी भाचा अजून माशावरच आहे. वीज बनवणाऱ्या गावात विजेच्या माशावर संशोधन, याहून स्थानिक विज्ञान कुठलं? फक्त परवा रात्रभर लावलेलं डॉकिंग पहाटे अडकलं. लाईट गेली होती.

डॉकिंग म्हणजे पडद्यावर रेणू एन्झाइमच्या खाचेत बसवून बघायचा. किती घट्ट बसला त्याचा आकडा उणे येतो आणि जितका उणे तितका चांगला. आमच्या बँक खात्याला हा नियम लागू झाला तर! भाच्याचा रेणू उणे दहाच्या पुढे गेला, घरात पेढे आले. शोधनिबंधातलं शेवटचं वाक्य त्याने आधीच लिहून ठेवलंय: ‘हे संयुग भविष्यात आशादायी ठरू शकते.’ गाइडने म्हणे एवढ्या एकाच वाक्यात दुरुस्ती सुचवली नाही.

आता आशेचा हिशेब. २००२ ते २०१२ या काळात अल्झायमरच्या २४४ संयुगांच्या ४१३ चाचण्या झाल्या. मंजुरीपर्यंत पोचलं एक. ९९.६ टक्के नापास. दहावीच्या बोर्डाने असा निकाल लावला असता तर मंत्र्यांना घराबाहेर पडता आलं नसतं. आणि हे निदान माणसांवरच्या चाचणीपर्यंत तरी पोचलेले रेणू. भाच्याच्या रेणूला त्याआधी मेंदूच्या दारात उभं राहायचंय. रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथे कडक पहारा असतो. गेटपास नसेल तर बहुतेकांना बाहेरूनच परत पाठवतात. खाचेत कितीही फिट बसणारा असो, आतच गेला नाही तर बसणार कुठे?

हळदीचं तेच झालं. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीवर दिलेलं पेटंट माशेलकरांच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, छाती फुगली. पण हळदीतलं कर्क्युमिन शरीरात टिकत नाही, पुरेसं शोषलंच जात नाही. शंभरावर चाचण्या होऊनही एकाही आजारावर ते औषध म्हणून सिद्ध झालेलं नाही, असं २०१७ च्या एका आढाव्यात रसायनशास्त्रज्ञांनीच लिहिलं. हळद आपली हे सिद्ध झालं. आठवण परत आणते हे राहिलं. व्हॉट्सॲपवर मात्र दोन्ही सिद्ध आहे.

बरं, पास झालेल्यांचं काय? भाचा ज्याच्याशी आपल्या रेणूची तुलना करतो ते डोनेपेझिल अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. आज ते नाशिकरोडच्या मेडिकलमध्येही मिळतं. आजार थांबवत नाही, काही जणांना काही काळ सावरतं. नवं लेकॅनेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये आलं, तेव्हा: दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून, वरचेवर एमआरआय, वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर. दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ गुणांचा. अर्धा गुणही नाही! तेही आजाराच्या अगदी सुरुवातीलाच घ्यायचं.

आणि सुरुवात आपल्याकडे कळते कुणाला? आबांनी पहिल्यांदा गॅस चालू ठेवला तेव्हा घरात सगळे हसले होते. साठी बुद्धी नाठी. एवढी स्वस्त निदानपद्धत जगात दुसरीकडे नसेल, तीन शब्दांत केस बंद. भारतात ८८ लाख म्हाताऱ्यांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, त्यातल्या कितींची फाइल याच तीन शब्दांवर मिटली असेल! २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात बहिरेपण, अधू नजर, रक्तदाब, साखर, एकटेपणा आणि हवेतलं प्रदूषणही. माझी खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते मी सांगत नाही. पण आबांना कानाचं यंत्र घ्यायचं तीन वर्षांपासून ‘बघू’वर आहे. त्याच्यावर भाचा शोधनिबंध लिहीत नाही, कारण ते दुकानात मिळतं.

परवा मी गेटवर होतो. आबा आले, खिसे चाचपले. पास नव्हता. सिक्युरिटीवाल्या पोराने खुर्ची दिली, चहा दिला.

‘‘आबा, तुमचा संच बंद हाये आज.’’

खोटं नव्हतं. आबांचा १४० मेगावॅटचा संच कधीच मोडीत निघाला.

‘‘मग चालू कधी?’’

‘‘नवीन येतोय ना. ६६०चा.’’

आबांनी मान डोलावली, डबा उचलला आणि घराकडे वळले. त्या ६६०ची बातमी इथे कितीतरी वर्षं येते आहे. रोज नव्याने ऐकणारे तेवढे आबाच.