हाका

"दिसलो नाय, तर पैसे परत." देवबागच्या संगमावर सकाळी साडेसातला होडी पाण्यात ढकलताना तांडेलानं हे सांगितलं आणि आम्ही आठजण बसल्या जागी निसर्गप्रेमींची गिऱ्हाइकं झालो. डॉल्फिन हा आता माल होता आणि त्याची घरपोच डिलिव्हरी बाकी होती.

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मासळी भरपूर. पाठीवर कुबड असलेला हा राखाडी डॉल्फिन किनारा धरून उथळ पाण्यातच राहणारा, त्यामुळे तो इथे न्याहारीला येतो. आपणही नेमके तेव्हाच येतो, न्याहारी करून.

दूरवर एक पाठ वर आली, 'फुस्स' झालं, पाठ गेली. श्वास घ्यायला आला होता. मासा थोडाच आहे तो, थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. तांडेलानं मशीन पिळली. उजवीकडून दुसरी होडी आली, मागून दोन, मग कुठूनशा आणखी दोन. सहा होड्यांचं रिंगण. पाठ डावीकडे निघाली की सहाही डावीकडे. शिट्ट्या, किंकाळ्या, "ए, तिकडे तिकडे!" एका होडीत पोरं चक्क डबा बडवत होती.

जुन्या शिकारकथा वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. डबे बडवत रान उठवायचं आणि जनावर मचाणाकडे हाकत आणायचं, याला हाका म्हणतात. आमचं मचाण मशीनवर पळत होतं आणि हातात बंदुकीऐवजी मोबाइल होते, एवढाच काय तो फरक.

हे माझं अलंकारिक बोलणं समजू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसती ठार मारण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं यांच्याच रांगेत 'हाकणं'ही बसवलंय, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा. डॉल्फिन अनुसूची 1 मध्ये, वाघाच्या पंगतीला. शिक्षा किमान 3 वर्षं कैद. कीस काढायचा म्हटला तर आमची अख्खी होडी आत जाईल. लाइफ जॅकेटवर नावं लिहायची पद्धत नाही, हे किती बरं.

आता उघड शिकार करणारे बघा. गुजरातेतल्या वेरावळकडचे कोळी एके काळी व्हेल शार्क मारायचे. त्याला पिंपं बांधून दमवायचे, यकृताचं तेल होड्यांना लावायचे. 2001 मध्ये त्यावर बंदी आली, कथाकार मोरारीबापूंनी तो मासा म्हणजे बाळंतपणाला आलेली माहेरवाशीण आहे असं समजावलं, आणि तेच कोळी स्वतःची जाळी कापून त्याला सोडू लागले. त्यांना निदान आपण शिकार करतोय हे ठाऊक होतं, म्हणून सोडताही आली. आम्ही तर 'बघायला' गेलो होतो.

"अय्या, हसतोय बघा!" शेजारच्या बाई म्हणाल्या. डॉल्फिनचा जबडाच तसा आहे हो. पाठीमागे सहा मशिनी लागल्या तरी तो तसाच दिसणार. (याच बाईंनी दुपारी मोरी मसाला मागवला. मोरी म्हणजे छोटा शार्क. तो हसत नाही.)

परतताना तांडेलाला विचारलं, रोज असंच पळवता का? तो म्हणाला, "मासे मारूक एकटो जातंय तेव्हा मशीन बंद असता. मगे ते आपणच होडयेक चिकटान जातत."

"मग आत्ता बंद का नाही केलीत?"

"बंद मशीनीचे पैसे कोण देतलो?"

यावर मी बोलणार काय? परत येईपर्यंत फोटो बघत बसलो. एकूण सतरा. सोळांत पाणी, एकात शेजारच्या बाईंची टोपी.

किनाऱ्याला लागल्यावर पुण्याच्या एका काकांनी हिशेब काढला. "पाठ दिसली आणि ओझरती शेपटी. तोंड दिसलेलं नाही. निम्मे पैसे परत द्या."

तांडेलानं काकांकडे शांतपणे पाहिलं, नांगराचा दोर वाळूत ओढला आणि म्हणाला, "उद्या सकाळी येवा. तोंडाच्या बाजून व्हरतंय."

काकांनी उद्याची वेळ विचारून घेतली.