राउटरच्या नावानं चांगभलं

पेठेत वाय-फायला नाव तालमीचं आणि पासवर्ड घरातल्या मोबाइलचा नंबर. तो नंबर अख्ख्या गल्लीला पाठ. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून दोनदा ‘अ‍ॅडमिन’ लिहिलं की बऱ्याच घरांत कुणीही थेट राउटरच्या माजघरात. दाराला दोन कुलपं लावणारी आपली माणसं हे दार मात्र सताड उघडं ठेवतात. त्यात वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगाला वाघ, पण जुन्या वाड्याची जाड भिंत लागली की मान टाकतो, २.४ बिचारा रखडत का होईना, मागच्या खोलीपर्यंत पोचतो. एवढं समजून कोण घेतंय? नेट हळू झालं की घरातला हुशार भाचा रिसेटच्या भोकात टाचणी खुपसतो. सगळं सेटिंग साफ! आता नेट परत जोडायला लागणारं पीपीपीओईचं युजरनेम कुणाला ठाऊक? कनेक्शन जोडून गेलेल्या पोराला. आणि तो नेमका चैत्र यात्रेला जोतिबावर. मागं हलगी, सासनकाठ्यांचा गलका, आणि फोनवर छातीठोक उत्तर: “आलोच भावा, धा मिन्टात!”

तोवर आजोबांचा सल्ला चालूच. “वायर जरा हलवून बघा की रं.”